प्रेमभंगाची रॉयल्टी

डिसेंबरच्या सुपाऱ्यांत नाताळची एखादी तरी असतेच. मी कीबोर्ड वाजवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, हळद, गणपती, भीमजयंती, जिथं बोलावतील तिथं. माझं बालपण अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. शेजारी गोव्याचे होते, केरळचे होते, त्यामुळे नाताळची गाणी मला शाळेच्या वयातच हाताशी बसली होती. आजही असा कार्यक्रम असला की साडेनऊच्या सुमारास कुणीतरी स्टेजजवळ येऊन फर्माईश करतं, ‘लास्ट ख्रिसमस’ होऊन जाऊ द्या. मग आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात.

आणि गाणं आहे प्रेमभंगाचं. गेल्या नाताळात एकाचं मन मोडलं, यंदा तो शहाणा व्हायचं ठरवतोय, एवढीच गोष्ट. येशू नाही, गोठा नाही, तारा नाही. नाताळच्या जागी गुढीपाडवा घातला तरी कथेत काही बिघडणार नाही. पण चाल अशी बांधलीय की पाय थांबत नाहीत. सगळं गाणं चार कॉर्डवर फिरतं: डी, बी मायनर, ई मायनर, ए. सरगमच्या हिशेबात सा, ध, रे, प. कडवं असो की धृपद, हीच चार घरं, याच क्रमानं. पहिल्या तालमीला आमचा गिटारवाला म्हणाला होता, “एवढंच? पुढे काय?” पुढे काही नाहीच. या चार कॉर्डवर इतकी गाणी उभी आहेत की मोजणारा थकेल. त्यावर कानात बसून राहील अशी चाल सुचणं, ही मात्र रोज होणारी गोष्ट नाही.

ती सुचली जॉर्ज मायकलला, 1984 मध्ये, आईवडिलांच्या घरी. तो आणि त्याचा जोडीदार अँड्र्यू रिजली खाली टीव्हीवर फुटबॉल बघत बसले होते. जॉर्ज मधेच उठला, माडीवरच्या आपल्या जुन्या खोलीत गेला आणि तासाभरात मुखडा घेऊन खाली आला. वय वीस-एकवीस. बाप सायप्रसहून इंग्लंडला आलेला ग्रीक माणूस, त्याचं रेस्टॉरंट होतं. मुलाचं खरं नाव योर्गोस किरियाकोस पानायोतू. निर्वासितांच्या वस्तीतून शहर झालेल्या उल्हासनगरात नाव बदलून धंद्यात नाव काढलेली माणसं मी खूप पाहिलीत, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. दोघांच्या जोडीचं नाव होतं ‘व्हॅम!’.

रेकॉर्डिंग झालं ऑगस्टमध्ये, लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत. आमच्या धंद्यातल्या माणसानं इथं थांबून ऐकावं असा हा भाग आहे. गाणं जॉर्जनं लिहिलं, चाल त्याची, गायला तो. निर्मिती त्याची आणि वाद्यंही सगळी त्यानंच वाजवली. लिनड्रम नावाचं ड्रम मशीन, रोलंडचा जुनो-60 हा सिंथेसायझर आणि हातात वाजवायच्या घुंगरांसारख्या घंटा. तो काही मुरलेला कीबोर्डवाला नव्हता. पण दुसऱ्या कुणाला वाजवू दिलं नाही. जोडी दोघांची असली तरी या गाण्यावर रिजलीचा सूर नाही. यातला हट्टीपणा आम्हा वादकांना खुपण्यासारखा आहे. त्या एका गाण्यात दोन-चार जणांची नाइट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, सुटली असती. पण पुढं पैशाचं जे झालं, त्याची किल्ली याच हट्टात आहे.

23 ऑक्टोबर 1984 ला बीबीसीवर मायकल ब्यूर्कचा इथिओपियातल्या कोरेमहून वृत्तांत लागला. दुष्काळानं माणसं पटापट मरत होती आणि ती बातम्यांतून लोकांच्या दिवाणखान्यात आली. बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी महिन्याभरात एक गाणं लिहिलं, 25 नोव्हेंबरला लंडनमध्ये डझनांनी नामांकित गायक एका स्टुडिओत जमवले आणि ‘बँड एड’ या नावानं ते गाणं मदतीसाठी काढलं. त्या गर्दीत जॉर्ज मायकलही एक ओळ गाऊन गेला.

आता पेच बघा. त्याचं स्वतःचं गाणं तयार होतं, बर्फात नाचतानाचा व्हिडिओ स्वित्झर्लंडच्या सास-फी गावात चित्रित झाला होता, 3 डिसेंबरला बाजारात यायचं होतं. पहिला नंबर त्याचाच, असं धरलेलं. आणि समोर उभं राहिलं मदतीचं गाणं, ज्यात तो स्वतः गातोय. ‘बँड एड’ पहिल्या क्रमांकावर बसलं आणि पाच आठवडे हललं नाही. ‘लास्ट ख्रिसमस’ दहा लाखांवर खपूनही दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. तेव्हा व्हॅम!नं जाहीर केलं की या रेकॉर्डवरची आपली सगळी रॉयल्टी इथिओपियाला. म्हणजे त्या नाताळात इंग्लंडच्या यादीतली पहिली दोन्ही गाणी एकाच दुष्काळासाठी कमावत होती. एक त्यासाठीच लिहिलेलं, दुसरं एका पोराच्या मोडलेल्या प्रेमाचं. मला विचाराल तर दुसरंच गाणं म्हणून सरस आहे. मदतीच्या गाण्यांत उपदेश शिरतो, आफ्रिकेकडं वरून खाली बघणं शिरतं. ‘बँड एड’वर ही टीका आफ्रिकेतूनच झाली आणि ती रास्त आहे. प्रेमभंगाचं गाणं बिचारं कुणाला काही शिकवत नाही. कमावतं आणि देतं.

पण ‘रॉयल्टी दिली’ म्हणजे नेमकं काय दिलं? रेकॉर्ड विकली गेली की पैशाचे वाटे पडतात. दुकानदार, कंपनी, सरकारचा कर, मग गाणाऱ्याचा वाटा, गीतकार-संगीतकाराचा वाटा. शिवाय रेडिओवर वाजलं, हॉटेलात वाजलं, तर त्याचे वेगळे. यातले कलाकाराच्या बाजूचे जवळपास सगळे वाटे एका जॉर्जच्या खिशात येत होते, कारण शब्द, चाल, गळा, निर्मिती सगळं त्याचं. म्हणून तो सही करून देऊ शकला.

सरकारचा वाटा मात्र सहज सुटत नाही. ‘बँड एड’च्या रेकॉर्डवरचा 15 टक्के व्हॅट थॅचर सरकारनं आधी सोडायला नकार दिला, लोक ओरडले, तेव्हा तेवढी रक्कम मदतीत परत घातली. त्याआधी 1971 मध्ये पंडित रविशंकरांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसननं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी 1 ऑगस्टला दोन खेळ केले. तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला लगेच गेले. पण नंतर आलेल्या रेकॉर्डचे लाखो डॉलर अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले. कार्यक्रम आधी धर्मादाय म्हणून नोंदवलाच नव्हता. सूर लावायला पंडितजी, पण फॉर्म भरायला कुणीच नाही!

आमच्या पट्ट्यात हे गाणं आलं ते कॅसेटवर. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजूला गाणी भरून देणारी दुकानं होती. कागदावर यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी साठ किंवा नव्वद मिनिटं भरून मिळायची. एका बाजूला किशोरकुमार, दुसऱ्या बाजूला ‘इंग्लिश’. असं भरलेलं ‘लास्ट ख्रिसमस’ क्वार्टर्समधल्या घराघरांत वाजलं आणि त्यातला छदामही इथिओपियाला पोचला नाही. दानाचा शिक्का रेकॉर्डवर असतो, गाण्यावर नसतो. गाणं हातोहात फिरलं की दान मागं राहतं.

विरहावर नाचणं आपल्याला नवं नाही. 1995 च्या ‘बेवफा सनम’ची गाणी, त्यानंतर अल्ताफ राजाचं ‘तुम तो ठहरे परदेसी’. एसटी स्टँडपासून बारपर्यंत सगळ्यांनी ती वाजवली. आम्ही ऑर्केस्ट्रात ती उडत्या लयीत घ्यायचो, कारण संथ घेतली की लोक पाणी प्यायला उठतात. अशा गाण्याची कमाई कुणी दुष्काळाला दिली का? देणार कोण, हा खरा प्रश्न. सिनेमाचं गाणं निर्मात्याचं, असा आपल्याकडं हिशेब होता आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कायद्याच्या शब्दांवरून तोच कौल दिला. गीतकार-संगीतकारानं एकदा पैसे घेतले की विषय संपला. गायकांचं तर त्याहून अवघड. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकाला रॉयल्टी हवी म्हणून भूमिका घेतली, रफीसाहेबांचं म्हणणं पडलं की एकदा मेहनताना घेतला की आपला हक्क सरला, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. दोन मोठी माणसं, दोन्ही मतं प्रामाणिक. पण आज मागं वळून बघता लताबाईंचंच बरोबर होतं, असं मी छातीठोक सांगेन. कायदा बदलला 2012 मध्ये, जावेद अख्तरांनी संसदेत लावून धरल्यावर: सिनेमागृहाबाहेर गाणं जिथं वाजेल तिथल्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा निम्मा वाटा, आणि तो सही करूनही सोडून देता येत नाही.

हातात रॉयल्टी नसलेला कलावंत मग काय देतो? रात्र देतो. 1983 चा विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना द्यायला क्रिकेट मंडळाकडं पैसे नव्हते, तेव्हा लताबाई दिल्लीत फुकट गायल्या आणि 20 लाख उभे राहिले. आमच्या पातळीवरही हेच. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. आम्ही विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवून नुकतेच घरी आलो होतो. त्या नवरात्रात अंबरनाथच्या एका मैदानात भूकंपग्रस्तांसाठी कार्यक्रम झाला. कुणी नाइट घेतली नाही. साउंडवाल्यानं फक्त टेम्पोचं भाडं घेतलं. चादर फिरली, तीत नोटा पडल्या, एका बाईनं हातातली बांगडी टाकली. मंडळानं रक्कम माइकवरून सांगितली, टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त पैसे कधी पडले, तर बेवफाईचं गाणं चालू असताना. शोकगीतावर पडले नाहीत.

जॉर्ज मायकलचं देणं 1984 ला थांबलं नाही. 1991 मध्ये एल्टन जॉनबरोबरच्या गाण्याची कमाई दहा संस्थांना गेली. ‘जीझस टू अ चाइल्ड’ या गाण्याची रॉयल्टी त्यानं मुलांच्या ‘चाइल्डलाइन’ या हेल्पलाइनला दिली, आणि हे जगाला कळलं तो गेल्यावर. तो गेला 25 डिसेंबर 2016 ला. नेमका नाताळ. टीव्हीवर एका बाईनं मूल होण्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून सांगितलं, तर यानं दुसऱ्या दिवशी गुपचूप 15 हजार पौंड पाठवले होते, अशाही गोष्टी तेव्हाच बाहेर आल्या. एक देणं त्यानं जाहीर केलं, बाकीची लपवली. मला दोन्हीत खोट दिसत नाही. पहिल्यानं रेकॉर्ड खपली, म्हणजे मदतही वाढली.

गाण्याचं नशीब बघा. डाउनलोड मोजायला लागल्यापासून ते दर डिसेंबरला यादीत परत येत राहिलं, आणि स्ट्रीमिंगनं त्याला वर ढकललं. 1 जानेवारी 2021 च्या यादीत ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं, 36 वर्षांनी. ऐन नाताळच्या आठवड्यातला पहिला नंबर मिळाला 2023 मध्ये, आणि 2024 ला पुन्हा. तो बघायला ते चार कॉर्ड लावणारा राहिला नव्हता.

हळदीत, वरातीत आम्ही हे गाणं वाजवलं तर कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नं लग्नाच्या मिरवणुकीला आणि लग्नाच्या समारंभांना सूट दिलीय. तिकिटाच्या कार्यक्रमाला मात्र परवाना लागतो. हे मी धंद्यातल्या पोरांना सांगत असतो, कारण आता ती स्वतःची गाणी काढतात. बदलापूर गावातला एक आगरी पोरगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं आला. प्रेमभंगाचं गाणं, पण असा ठेका की हळदीला डीजे सोडणार नाही. यूट्यूबवर बऱ्यापैकी चाललं होतं. उल्हास नदीचं पाणी खालच्या चाळींत शिरलं होतं, तिथल्या घरांना या गाण्याचे पैसे द्यायचे त्याच्या मनात होतं.

“काका, पोस्टर बनवलंय. टाकू का?”

“गाणं कुणाच्या नावावर आहे?”

“माझंच की. मीच लिवलं, मीच गायलं.”

“चॅनल कुणाचं?”

“ते कंपनीचं. त्यांनी शूटचा खर्च केला.”

“आणि कागद?”

कागद होता. मोबाइलमध्ये फोटो होता, इंग्रजीत चार पानं, शेवटी याची सही. मी चष्मा लावून वाचला. गाणं, चाल, आवाज, सगळे हक्क कायमचे कंपनीकडं, एकरकमी मोबदल्यात. रक्कम आमच्या दोन नाइटएवढी.

“म्हणजे मी देऊच शकत नाय?”

“लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा सहीनं जात नाही, पण चॅनलचे पैसे तुझे नाहीत. कंपनीला विचार, ती देत असेल तर. पुढच्या गाण्याला सही करायच्या आधी ये. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद कसं व्हायचं ते बघू.”

तो जरा वेळ बसला. मग म्हणाला, चाळीतल्या लोकांसाठी मैदानात एक कार्यक्रम लावूया का, तुम्ही वाजवाल का. मी तारीख विचारली.