आजार उलटणार हे मोबाईलला आधी कळतं का?



माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन वर्षं तो छान होता, दुकानातही बसायचा. मग "आता बरा झालोय" म्हणत त्याने परस्पर गोळ्या बंद केल्या. रात्रभर जागू लागला, फोन उचलेना, घराबाहेर पडेना. आम्हाला वाटलं, दमला असेल. महिन्याभरात आजार उलटला, ॲडमिट करावं लागलं. हे बदल आम्हाला वेळीच कळले असते तर?

नेमकं यावरच संशोधन चालू आहे. त्याला म्हणतात डिजिटल फिनोटायपिंग. म्हणजे काय, तर पेशंटच्या परवानगीने एक ॲप नोंदी ठेवतं : जीपीएसवरून तो किती फिरला, कॉल-मेसेज किती झाले. बोलणं ऐकलं जात नाही, फक्त मोजणी होते. सोबत झोप आणि मूडबद्दल छोटे प्रश्न. तुलना इतरांशी नाही, त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या सवयींशी होते.

बोस्टनच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17 पेशंटचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत सवयींमधले वेगळे बदल एरवीपेक्षा 71 टक्के जास्त दिसले. पण 17 माणसं म्हणजे फारच कमी. म्हणून पुढचं काम बोस्टनसोबत बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि भोपाळमध्ये 'संगत' या संस्थेने केलं. ही संस्था मूळची गोव्याची बरं का!

अडचणीही आहेत. फोन घरी विसरला किंवा नवी नोकरी लागली, तरी ॲपला 'बदल' दिसतो. दुसरं म्हणजे, आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय हा संशय या आजाराचंच लक्षण असू शकतो. त्यामुळे घरच्या माणसाच्या फोनमध्ये गुपचूप ट्रॅकिंग ॲप टाकू नका. विश्वास गेला की सगळं गेलं.

आणि ॲप हा गोळ्यांना पर्याय नाही. 2012 मध्ये 65 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. वर्षभराच्या आत, औषध बंद करून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा आजार उलटला. औषध चालू असलेल्यांत हेच प्रमाण 27 टक्के होतं.

आम्ही काय केलं? मामासोबत बसून त्याच्याच शब्दांत यादी केली. सलग दोन रात्री झोप नाही, की डॉक्टरांना फोन. यादी त्याच्याच मोबाईलमध्ये आहे, रिमाइंडरही त्यानेच लावलाय.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आजच सेव्ह करा. कॉल मोफत आहे, 24 तास.