कार्बन तंतूंच्या सायकलींची जोडणी आणि घर्षणवर्धक पेस्ट : एक विवेचन

बीजसंज्ञा : कार्बन तंतू, संमिश्र पदार्थ, घर्षण गुणांक, टॉर्क, जोडणी पेस्ट.

प्रस्तावना :

गोंदिया शहराजवळील बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आज तेथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते. या प्रशिक्षणात वापरल्या गेलेल्या डायमंड डीए-40 व डीए-42 या विमानांची रचना काच व कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांची आहे. विमानाच्या देखभालीत कोणता बोल्ट किती आवळावा, हे पुस्तिकेत नमूद असते आणि तो मोजूनच आवळला जातो.

हाच पदार्थ आता सायकलीतही आला आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळणारे विद्यार्थी व प्राध्यापक हलक्या कार्बन सायकली घेऊ लागले आहेत. मात्र दुरुस्तीच्या दुकानात आवळणी अद्याप बहुधा हाताच्या अंदाजानेच होते. या अंदाजातील धोका आणि त्यावरील उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेस्टचे कार्य स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पदार्थाचे स्वरूप :

कार्बन तंतूंचे थर इपॉक्सी राळेत बसवून सायकलीचे भाग तयार करतात. तंतूंच्या दिशेने येणारा ताण हा पदार्थ उत्तम सहन करतो. परंतु पट्टीने नळी बाहेरून आवळली असता थरांना काटकोनात दाब पडतो व तो मुख्यत्वे राळेला पेलावा लागतो. ॲल्युमिनियमची नळी अशा वेळी पिचकते व दोष डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या नळीत मात्र आतील थर सुटतात, तरी बाहेरील रंग अखंड राहू शकतो. असा दुखावलेला हँडलबार पुढे एखाद्या खड्ड्यात अकस्मात तुटू शकतो.

पकड आणि दाब यांचा संबंध :

कार्बनचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने सीटपोस्ट हळूहळू खाली सरकतो. त्यावर ग्रीस लावल्यास घर्षण आणखी घटते. मग मिस्त्री बोल्ट अधिक आवळतो आणि नेमके येथेच नुकसान होते.

पकड म्हणजे दाब आणि घर्षण गुणांक यांचा गुणाकार होय. समजा, गुणांक 0.14 वरून 0.20 झाला, तर तेवढीच पकड 30 टक्के कमी दाबात मिळेल. पेस्टचे काही उत्पादकही आवळणी साधारण याच प्रमाणात कमी करता येते, असे सांगतात.

दाबाचे प्रमाणही लक्षात घेण्याजोगे आहे. 5 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट 5 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळल्यास, नेहमीच्या सूत्रानुसार (गुणक 0.2) सुमारे 5,000 न्यूटन, म्हणजे जवळपास 500 किलो वजनाएवढे बल निर्माण होते. त्यासाठी 10 सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाशी अवघे 5 किलो वजनाएवढे बल पुरते. प्रौढ माणसाचा हात याच्या दुप्पट-तिप्पट बल सहज लावतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

पेस्टची रचना व वापर :

जेलसारख्या किंवा ग्रीससारख्या माध्यमात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण मिसळून ही पेस्ट बनवितात. आवळल्यावर हे कण दोन्ही पृष्ठभागांत रुतून घर्षण वाढवितात. पेस्ट हा गोंद नव्हे. जोडणी पुन्हा सोडविता येते.

वापरताना पुढील बाबी पाळाव्यात :

1. दोन्ही पृष्ठभाग पुसून जुने ग्रीस पूर्णपणे काढावे व पेस्टचा पातळ थर द्यावा.
2. ती सीटपोस्ट व फ्रेम, तसेच हँडलबार व स्टेम यांच्या सांध्यांत लावावी. बेअरिंगमध्ये किंवा बोल्टच्या आट्यांवर लावू नये.
3. भागावर छापलेली टॉर्कची मर्यादा पाहून टॉर्क रेंचनेच आवळावे. ही मर्यादा अनेकदा 4 ते 6 न्यूटन-मीटर असते.
4. मर्यादेपर्यंत आवळूनही भाग सरकत असल्यास अधिक न आवळता दोन्ही भागांची मापे तपासावीत.

ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा सीटपोस्ट असल्यास घाम व पावसाचे पाणी यांमुळे विद्युत-रासायनिक क्षरण होऊन ॲल्युमिनियम झिजते व सीटपोस्ट अडकून बसतो. पेस्टचा थर ओलाव्याला काही अंशी अटकाव करतो. तरीही पावसाळ्यानंतर सीटपोस्ट काढून, पुसून पुन्हा बसविणे हिताचे ठरते.

निष्कर्ष :

पेस्टमुळे कमी दाबात पुरेशी पकड मिळते, परंतु ती टॉर्क रेंचला पर्याय नाही. दोन्हींचा वापर एकत्रच व्हावयास हवा. पदवी स्तरावर घर्षण शिकविताना कोरडा, ग्रीस लावलेला आणि पेस्ट लावलेला अशा तिन्ही पृष्ठभागांची तुलना स्प्रिंग काट्याच्या साहाय्याने करून दाखविता येईल. असा प्रयोग परिसरातील सायकल दुरुस्ती कारागिरांनाही दाखविल्यास महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ज्ञान थेट रस्त्यावरील सुरक्षिततेच्या उपयोगी पडेल.