रासायनिक समीकरण : तें कसें मांडावें व कसें वाचावें

खतांवरील पुस्तकांत अक्षरांच्या व आंकड्यांच्या ज्या ओळी छापलेल्या असतात, त्या दिसतांच आमचे पुष्कळ शेतकरी बंधु पान उलटतात. वास्तविक रासायनिक समीकरण हा एक जमाखर्च आहे. ज्यास घरची खतावणी वाचतां येते त्यास तेंही वाचतां येईल.

चुन्याची भट्टी घ्या. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली असतां कळीचा चुना ५६ किलोच हातीं येतो. बाकीचे ४४ किलो कर्बाम्ल वायूच्या रूपानें भट्टीच्या तोंडांतून निघून गेले. हा हिशेब असा लिहितात :

सीए सी ओ३ → सीए ओ + सी ओ२

सीए म्हणजे कॅल्शियम, सी म्हणजे कर्ब, ओ म्हणजे प्राणवायु. अक्षरामागचा आंकडा त्या मूलद्रव्याचे किती अणु तें सांगतो. बाण म्हणजे 'यापासून हें झालें'. अणूंचीं वजनें स्थूल मानानें कॅल्शियम ४०, कर्ब १२, प्राणवायु १६ अशीं आहेत. त्यांची बेरीज केली कीं डावीकडे १०० व उजवीकडे ५६ आणि ४४ मिळतात. पदार्थ रूप पालटतो, वजन बुडत नाहीं, हा दंडक फ्रान्सच्या लाव्हाझिये यानें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत पक्का केला. हा गृहस्थ सरकारी करवसुलीच्या मक्त्यांतील भागीदार होता व ब्लवा शहराजवळ प्रयोगादाखल शेतीही करीत असे. तेव्हां हिशेबाचा त्याचा हव्यास समजण्यासारखा आहे.

आतां आपल्या कामाचें उदाहरण पाहूं. कोंकणांतील आम्ल जमिनीस चुना देतात व भातास अमोनियम सल्फेटही घालतात. दोन्ही एकत्र कालवून एकदांच फेंकलीं तर मजुरी वांचेल, असें कोणाच्याही मनांत येईल. विरविलेला चुना व हें खत ओलीवर एकत्र आलीं म्हणजे जिप्सम, अमोनिया वायु व पाणी होतें. प्रथम नुसतीं नांवें मांडूं :

(एन एच४)२ एस ओ४ + सीए (ओ एच)२ → सीए एस ओ४ + एन एच३ + एच२ ओ

येथें एन म्हणजे नत्र, एच म्हणजे हायड्रोजन, एस म्हणजे गंधक. कंसाबाहेरील २ कंसांतील सर्वांस लागू आहे. म्हणून डावीकडे नत्राचे अणु दोन, उजवीकडे मात्र एकच. हिशेब जुळत नाहीं. अमोनियापूर्वीं २ घालावा. आतां हायड्रोजन डावीकडे ८ व २ मिळून १०, उजवीकडे ६ व २ मिळून ८. म्हणून पाण्यापूर्वींही २ घालावा. प्राणवायु दोन्हीकडे ६ भरतो, म्हणजे मेळ बसला :

(एन एच४)२ एस ओ४ + सीए (ओ एच)२ → सीए एस ओ४ + २ एन एच३ + २ एच२ ओ

मेळ बसवितांना पदार्थापूर्वींचाच आंकडा बदलावा, अक्षरामागचा कधींही बदलूं नये. एच२ ओ हें पाणी. तेंच एच२ ओ२ लिहिलें तर जखम धुण्याचें पेरॉक्साइड होतें!

आतां वजनें पाहा. नत्र १४, हायड्रोजन १ व गंधक ३२ धरून डावीकडे १३२ व ७४, उजवीकडे १३६, ३४ व ३६, दोन्हीकडे २०६. या ३४ भाग अमोनियांत २८ भाग नत्र आहे, म्हणजे खतांतील सगळेंच. याच प्रमाणानें ५० किलो खतांतील नत्र हांकून लावण्यास २८ किलो चुना पुरतो, आणि शेतांत राहतें तें जिप्सम. त्यांत नत्राचा अंशही नाहीं.

समीकरणावरून सर्वच कळतें असें मात्र नाहीं. क्रिया किती वेळांत होईल, शेतांत ती किती पुरी होईल, हें त्यांत लिहिलेलें नसतें. तीं ओल, ऊन व माती यांवर अवलंबून असतात. मातींत खोल मिसळलेल्या खताचा कांहीं अमोनिया मातीच धरून ठेवते. कोरड्या मिश्रणांत क्रिया मंद असते, पण पावसाळी हवेंत कोरडें काय राहतें? वाटींत दोहोंची चिमूट घेऊन पाण्याचे दोन थेंब टाकावे. दर्प नाकास झोंबेल. यास्तव चुना दोन-तीन आठवडे अगोदर देऊन मातींत मिसळावा व खत मागाहून घालावें.

लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे के२ सी ओ३, असतें. तेंही या खताशीं असेंच वागतें. पोटॅशियम सल्फेट, अमोनिया, कर्बाम्ल वायु व पाणी हीं उजवीकडे मांडून वाचकांनीं मेळ घालून पाहावा. पोटॅशियम ३९ धरून दोन्ही बाजू २७० भरल्या म्हणजे उत्तर बरोबर.