टांगणीला लागलेला जीव

३० ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडल्या आणि नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज मैदानातच रडू लागली. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांना ते विजयाचे अश्रू वाटले. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडली होती. सुरुवातीच्या सामन्यांआधी ती आईला फोन करायची आणि फोनवर रडत राहायची. मन बधिर झाल्यासारखं वाटायचं. त्याचं नावही तिने न लाजता घेतलं: अँग्झायटी.

त्या दिवसांत तिच्या बाबतीत काय काय घडलं होतं ते पाहा. स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली. इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला अकरा जणींतून वगळण्यात आलं. त्याआधी २०२२च्या विश्वचषकाच्या संघातही तिची निवड झाली नव्हती, ती जखम होतीच. आणि उपांत्य सामन्यात आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळणार आहोत, हे तिला मैदानात उतरण्याच्या पाच मिनिटं आधी कळलं.

डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर या हकिकतीत शतकापेक्षा त्या पाच मिनिटांकडे आणि इंदूरच्या सामन्याकडे लक्ष जातं. अपयश माणसाला दुखावतं, पण अपयशाची एक बरी बाब अशी की ते घडून जातं. 'आत की बाहेर' हा प्रश्न मात्र रोज सकाळी नव्याने उभा राहतो. मराठीत याला जीव टांगणीला लागणं म्हणतात, आणि हा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीने फारच अचूक आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे, कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, इजा न करणारा पण दुखणारा. साप कधी निघेल याचा अंदाज खेळता खेळता बांधता येई, पण संशोधक तो हिशेब मध्येच बदलत. हे चालू असताना घाम किती सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, हे मोजलं गेलं. झटका बसणारच अशी खात्री असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वाधिक होता. झटका नक्की बसणार हे माहीत असणारा माणूस त्यामानाने शांत होता.

संघाच्या काठावर उभा असलेला खेळाडू नेमका या निम्म्या-निम्म्या शक्यतेत महिनोन्‌महिने राहतो. कर्णधाराला आपली जागा माहीत असते. जो संघाच्या जवळपासही नाही, त्यालाही ती माहीत असते. पंधराव्या आणि सोळाव्या क्रमांकाच्या खेळाडूचं काय? निवड समितीची बैठक कधी आहे, कुणाचा गुडघा दुखावला आहे, परवा कुणी शतक ठोकलं, सगळ्याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. त्यात मोबाइलवर दर दहा मिनिटांनी कुणीतरी नवा संघ जाहीर करत असतो.

अशा वेळी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात येतात. थोड्या वेळासाठी ही देणगीच. स्लिपमध्ये झेल घेणाऱ्याला ती हवीच असतात. पण घंटा थांबलीच नाही तर झोप उडते, भूक बिघडते, पोट बिघडते, चिडचिड वाढते आणि साध्या दुखापती भरून यायलाही वेळ लागू शकतो. शरीर सतत पॅड बांधून बसल्यासारखं होतं.

आणि मग खेळच बिघडतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. एवढ्या वेळात विचार करून पाय हलवता येत नाही. लहानपणापासून घोटलेल्या हालचाली मेंदूने आपोआप कराव्या लागतात. 'आज चुकलो तर जागा गेली' ही भीती असली की माणूस या आपोआप होणाऱ्या हालचालींवर पहारा ठेवू लागतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसं टाकतो याकडे लक्ष दिलं की अडखळायला होतं ना, तसंच. बघणारे म्हणतात, याचं तंत्र बिघडलं. प्रत्यक्षात अनेकदा तंत्र जागेवर असतं, त्यावरचा पहारा जास्त झालेला असतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाला एक चूक पुरते, आणि त्यानंतर तो उरलेला दिवस तीच चूक आठवत पॅव्हेलियनमध्ये बसतो. फुटबॉलपटूला दोन मिनिटांत पुन्हा चेंडू मिळतो.

गंमत अशी की ज्या संघात जेमिमा रडत होती आणि खेळत होती, त्याचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. त्याचा नंबर आलाच नाही. पुढे १९९४ मध्ये रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. दोन दशकांत ११ हजारांहून अधिक धावा, ३० शतकं, मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारं कर्णधारपद. भारताची टोपी मात्र कधीच मिळाली नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि खुद्द सचिन होते, यात निवडकर्त्यांचाही दोष काढता येत नाही. अशा माणसाच्या संघाने २ नोव्हेंबरला विश्वचषक जिंकला, ही बातमी अनेक मुंबईकरांनी दोनदा वाचली असेल.

विदर्भातल्या वाचकांना करुण नायर आठवेल. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत अकरा जणांत नाही. २०१८च्या इंग्लंड दौऱ्यात तो संघासोबत होता, पण शेवटच्या कसोटीसाठी नंतर बोलावलेल्या खेळाडूला संधी मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने समाजमाध्यमावर चक्क क्रिकेटलाच एक संधी मागितली. पुढे विदर्भाने त्याला घेतलं, २०२४-२५च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरला त्याने शतक केलं, विदर्भ विजेता झाला आणि जून २०२५ मध्ये आठ वर्षांनी तो कसोटीत परतला. चार कसोट्यांनंतर पुन्हा बाहेर.

अशा खेळाडूने आपलं मन कुणाकडे मोकळं करायचं? खरी अडचण इथे आहे. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीच्या दहा डावांत १३४ धावा झाल्या. त्या वेळी जग संपल्यासारखं वाटत होतं आणि काय करावं, कुणाशी काय बोलावं हे कळत नव्हतं, असं त्याने २०१९ मध्ये सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने मानसिक स्वास्थ्यासाठी विश्रांती घेतली होती, त्याचं कौतुक करताना तो हे बोलला. 'मन ठीक नाही' असं त्या काळी सांगितलं असतं तर लोकांनी ते कसं घेतलं असतं, याची खात्री नव्हती, असंही तो म्हणाला. कोहलीची ही गत, तर काठावरच्या खेळाडूची काय असेल! ज्याच्यासमोर रडावंसं वाटतं, त्याच्याच हातात यादी असते.

इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कोथिक २००६ मध्ये भारत दौरा अर्धवट सोडून मायदेशी गेला, तेव्हा घरगुती कारण सांगण्यात आलं होतं. नैराश्य आणि चिंतेच्या आजाराबद्दल त्याने २००८च्या आत्मचरित्रात सविस्तर लिहिलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट त्याने सोडलं, पण सॉमरसेट या कौंटीकडून २०१९ पर्यंत खेळला. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण मनाचा आजार झाला म्हणजे खेळ संपला, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे.

संघासोबत मानसोपचारतज्ज्ञ वा मानसशास्त्रज्ञ असणं आता नवीन राहिलेलं नाही. पण खेळाडूने त्याला सांगितलेली गोष्ट निवड समितीच्या टेबलावर जाणार नाही, एवढी हमी नसेल तर त्या नेमणुकीला फारसा अर्थ उरत नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातली गोपनीयता इथेही तशीच पाळली गेली पाहिजे. दुसरी गोष्ट तर बिनखर्चाची आहे: वगळलं तर त्याच दिवशी, तोंडावर, कारणासकट सांगणं. लंडनचा प्रयोग पाहता हे सौजन्य तर आहेच, औषधही आहे. वाईट बातमी पचवता येते, अर्धवट बातमी पचत नाही. जेमिमाच्या बाबतीत काही सहकारी मैत्रिणींनी हे औषधाचं काम केलं. अरुंधती रेड्डीसमोर आपण जवळजवळ रोज रडलो आणि स्मृती मानधना काही न बोलता नुसती जवळ येऊन उभी राहायची, असं तिने सांगितलं. उपदेश न करता जवळ उभं राहणं बऱ्याच नातेवाइकांना जमत नाही.

हे सगळं भारतीय संघापुरतं नाही. शिवाजी पार्क असो वा पुण्या-नागपूरची मैदानं, १४ आणि १६ वर्षांखालच्या संघांच्या निवड चाचण्यांना किट बॅग खांद्यावर घेऊन येणाऱ्या मुलांचा जीवही असाच टांगणीला लागलेला असतो. त्यात आई-वडिलांनी नोकरीच्या वेळा बदललेल्या असतात, शाळा बदललेली असते, कधी कर्ज काढलेलं असतं, आणि हे मुलाला पक्कं माहीत असतं. मोठ्यांसारखं 'मला चिंता वाटते' असं मुलं म्हणत नाहीत. त्यांचं पोट दुखतं. सामन्याच्या सकाळी उलटी होते, रात्री झोप लागत नाही, नेट्सला जायला टाळाटाळ होते, खरी दुखापत नसताना हात दुखतो. पोटदुखी असेल तर आधी पोट तपासायलाच हवं, पण तपासण्या पुन्हा पुन्हा ठीक येत असतील आणि दुखणं सामन्याच्या दिवशीच उपटत असेल, तर कारण वेगळीकडे शोधावं. यादीत नाव नाही हे कळलेल्या संध्याकाळी तंत्राची चर्चा काढू नये. ती चार दिवसांनी करता येते.

सामन्याआधीची धडधड हा आजार नाही, खेळ सुरू झाला की ती ओसरते. मात्र उदासपणा, झोपमोड, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं, आणि तोवर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही. 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. समुपदेशन, विचारांची घडी बदलणारे उपचार आणि गरजेनुसार औषधं यांनी बहुतेकांना बराच फरक पडतो. झोपेची गोळी मित्राकडून घेऊन खाऊ नये. खेळाडूने तर आपण खेळतो हे डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण काही औषधं उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत असतात आणि ती टाळून दुसरी देता येतात.