जाड पत्र्याचा भरवसा

जुनी थार, जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० दारात असलेल्या माणसापुढे नवीन गाडीचा विषय काढून पाहा. एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपल्या गाडीचा पत्रा बघ. ठोकली तरी समोरच्याचं काय व्हायचं ते होईल, आपल्याला ओरखडासुद्धा येत नाही. आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे!" आणि पुरावा म्हणून बॉनेटवर एक सणसणीत थाप.

हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकलंय, ट्रेलला निघण्याआधी चहाच्या टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बोलणारा एकटाच गाडी चालवत असता, तर त्याचं मत त्याच्यापाशी म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच गाडीच्या मागच्या आडव्या बाकांवर, पट्ट्याशिवाय, त्याची मुलं बसलेली असतात आणि गाडी मुंबई-गोवा महामार्गावर नव्वदने पळत असते. म्हणून हा गैरसमज जरा मुळापासून खणून काढायला हवा.

तो आला कुठून, हे समजायला सोपं आहे. पार्किंगमध्ये दोन गाड्या घासल्या, तर जुन्या जीपच्या लोखंडी बंपरला काही होत नाही आणि नव्या गाडीचा प्लॅस्टिकचा बंपर फुटतो, दिवा जातो, सेन्सर जातो, बिल हजारांत येतं. हे सगळं खरं आहे. पण त्यातून दिसतो तो दुरुस्तीचा खर्च. माणसाला किती लागेल, हे ताशी दहा किलोमीटरच्या धडकेत कळतच नाही.

ते कळतं ताशी ६४ किलोमीटरला. जगभरातल्या अनेक क्रॅश टेस्ट याच वेगाने होतात. हा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १८ मीटर. गाडी थांबते तेव्हा पट्टा बांधलेल्या माणसालाही थांबावं लागतं आणि सगळा खेळ तो किती अंतरात थांबतो याचा असतो. गाडीचा पुढचा भाग दबला आणि शरीराला थांबायला साठ सेंटिमीटर मिळाले, तर त्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सत्तावीसपट जोर येतो. पुढचा भाग दबलाच नाही आणि वीस सेंटिमीटरमध्ये थांबावं लागलं, तर तोच जोर ऐंशीपटीच्या घरात जातो. नवीन गाडीचा पुढचा भाग चुरगळतो कारण तो चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. मजबूत असावं लागतं ते त्याच्या मागचं, माणसं बसतात तेवढं पेटीसारखं दालन. "गाडीला काहीच झालं नाही" असं कौतुकाने सांगतात, तेव्हा तो सगळा धक्का कुणीतरी घेतलेला असतो. बहुतेक वेळा आत बसलेल्यांनी.

गणितावर विश्वास नसेल, तर पुरावा आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, आयआयएचएसने, २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू याच वेगाने समोरासमोर धडकवल्या. बेल एअर म्हणजे वेगळी चॅसिस, जाड पत्रा, क्रोमचे भरभक्कम बंपर, अगदी आपल्या मित्रांच्या स्वप्नातली गाडी. तिचं चालकाचं दालन कोसळलं आणि आत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला झालेल्या इजा जीवघेण्या ठरू शकतील अशा होत्या. मालिबूच्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ दुखापत. ही चित्रफीत दाखवली की लगेच उत्तर येतं, "त्या जुन्या गाडीचं इंजिन काढून ठेवलं होतं." नव्हतं. इंजिन आत होतं आणि संस्थेने तसं सांगितलंही आहे.

मग शेवटचा मुद्दा निघतो चॅसिसचा. "आपलीला लॅडर फ्रेम आहे." लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी वेगळी चॅसिस, ओझं वाहायला आणि पिळवटणाऱ्या रस्त्याला उत्तम. पण तेवढ्यावर माणूस वाचत नाही, हे आपल्याच देशातल्या गाड्यांनी दाखवलं आहे. २०१६ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने महिंद्राची एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली. लॅडर फ्रेमची ही गाडी प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे घेऊन आली. २०२२ मध्ये त्याच कंपनीची स्कॉर्पिओ-एन आली, तिलाही लॅडर फ्रेम, आणि तिने पाच तारे मिळवले. चॅसिसची जात दोन्हींत तीच. फरक पडला तो दालनाच्या रचनेत, पट्ट्यांत आणि एअरबॅगमध्ये.

आता जुनी थार या मोजमापाला लावून पाहा. २०१० ते २०२० या काळातल्या त्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. एबीएस आलं ते २०१९ मध्ये, नियमाने भाग पाडल्यावर. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतांश जुन्या थारमध्ये पावसात जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग कितीही वळवा. मागे समोरासमोरचे आडवे बाक. माणसाचं शरीर पुढून येणारा धक्का पाठीला टेकून किंवा खांद्यावरच्या पट्ट्याने झेलू शकतं. आडवं बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारने त्याच नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपकडून प्रौढ आणि मुलं, दोन्हींसाठी चार तारे मिळवले, पण ते पुढे तोंड करून बसायच्या मागच्या सीट असलेल्या गाडीला.

जडपणाचा फायदा होतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. दीड-पावणेदोन टनांची गाडी आठशे किलोच्या हॅचबॅकला धडकली, तर वजनदार गाडीचा वेग कमी बदलतो आणि आतल्याला कमी लागतं. पण कशेडी किंवा कुंभार्ली घाटात समोरून ट्रक येतो, बाजूला झाड असतं नाहीतर कठडा. त्यांच्यापुढे आपलं वजन कामाला येत नाही. जिप्सी तर मुळातच जेमतेम एक टनाची. तिच्या मालकाने वजनाचा मुद्दा काढूच नये.

आणि तो पत्रा तरी आता किती जाड उरलाय? कोकणातल्या खाऱ्या हवेत पंधरा पावसाळे काढलेल्या जीपच्या चॅसिसचा गंज बाहेरून रंगाखाली झाकलेला असतो. कमानपाट्यांचे शॅकल जिथे चॅसिसला जोडतात तिथे, बॉडी चॅसिसवर टेकते त्या जागी आणि पायाखालच्या पत्र्याला लहान हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर मजबुतीच्या गप्पा तिथेच थांबवा.

यावर उपाय म्हणून लोक समोर जाडजूड बुलबार आणि आत रोल केज बसवतात. बुलबार बेकायदा आहे; डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. तो दणका थेट चॅसिसवर नेतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि पायी चालणाऱ्याला ठार करू शकतो. नीट जोडलेला रोल केज गाडी उलटली तर खरंच वाचवतो, पण हेल्मेट न घालता, पॅडिंग नसलेल्या पाइपपासून चार बोटांवर डोकं ठेवून रोज गाडी चालवली, तर साध्या धडकेतही कवटी त्याच पाइपवर आपटते.

या सगळ्याचा अर्थ नवीन घेतली की सुटलो, असाही घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो उत्तम सुरक्षा असलेल्या मर्सिडीजमध्ये. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे वाचले.

दुसरा गैरसमज नेमका उलट्या टोकाचा. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात. त्याआधी विका आणि नवीन घ्या." पहिल्या थार २०१० मध्ये रस्त्यावर आल्या, त्यांना आता पंधरा वर्षं झाली. त्यामुळे जुन्या गाड्यांचे दलाल हे वाक्य फार जोरात सांगू लागले आहेत. वयावरून गाड्या थांबवण्याचा आदेश दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरपुरता होता, हरित लवादाचा २०१५ चा आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलेला. पंधरा वर्षांनंतर नोंदणी न वाढवण्याचा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम सरकारी वाहनांना आहे. तहसील कचेरीतल्या जीपगाड्या निघाल्या त्या म्हणून. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला आरटीओत पासिंग करून, हरित कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. शुल्क मात्र एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि जुन्या गाड्यांसाठी पुढेही वाढत गेलं, ते हिशेबात धरा. पासिंगला अडतं ते बहुधा वयामुळे नव्हे, तर बाहेर आलेल्या रुंद टायरमुळे, बदललेल्या इंजिनमुळे, छतावरच्या दिव्यांच्या पट्टीमुळे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली हे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत.

तिसरा गैरसमज, नवीन घेतली की चिखलात अडकणार नाही. नव्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे, जुनीची २००. खड्ड्यातून वर येताना मागचा बंपर जमिनीला घासू नये यासाठी लागणारा कोन २७ अंशांवरून ३६.८ वर गेला, हा मोठा फायदा. पुढचा कोन मात्र जुनीचा ४४ होता, नवीचा ४१.८ आहे. मागचं लॉकिंग डिफरन्शियल २०१५ नंतरच्या जुन्या थारमध्येही मिळतं. आणि मऊ चिखलात हलकी जिप्सी अनेक जड गाड्या रुततात तिथून निघून जाते. अडकणाऱ्या दहापैकी बहुतेक गाड्या झिजलेल्या हायवे टायरमुळे आणि रस्त्यावरचाच तीस-बत्तीस पीएसआय दाब ठेवून चिखलात घुसल्यामुळे अडकतात. दाब अठरा-वीसपर्यंत उतरवा, डांबरावर येताच पुन्हा भरा, लो गिअरमध्ये आधीच टाका. पुढे काय आहे ते उतरून, चालून पाहा. चांगल्या मड टायरचा एक संच नव्या गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

तेव्हा माझं मत असं: चिखलासाठी गाडी बदलू नका. पण पुण्याहून कोकणात जाताना ट्रेल असतो दहा-पंधरा किलोमीटरचा, ताशी दहाच्या वेगाने. बाकीचे दीडशे-दोनशे किलोमीटर डांबर असतं आणि मृत्यू तिथे गाठतो. त्या रस्त्याने घरच्या माणसांना घेऊन वारंवार जाणार असाल, तर बदला, आणि पैशांची जुळणी होत असेल तर उशीर करू नका. एकट्याने, घराजवळच्या रानात फिरायला जुनी ठेवायची असेल, तर खुशाल ठेवा.

किरकोळ समज झटपट. नवी थार म्हणजे फोर बाय फोरच, असं नाही. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते आणि थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे, बुकिंगच्या आधी विचारा. फोर बाय फोर टाकल्याने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. ई२० म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनी थार खराब होईल ही भीती व्यर्थ, ती डिझेलवर चालते. जुन्या पेट्रोल जिप्सीच्या रबरी नळ्या आणि सील मात्र तपासून घ्या. सुटे भाग मिळत नाहीत, हेही तितकंसं खरं नाही. थार डीआयचं इंजिन बोलेरोच्या घराण्यातलं आहे, ते तालुक्याच्या मिस्त्रीलाही उघडता येतं.

जुनी ठेवणार असाल, तर मुलांना मागच्या आडव्या बाकांवर बसवून महामार्गावर नेऊ नका. त्या दिवशी दुसरी गाडी काढा. पट्ट्यांचं कापड उसवलं असेल किंवा झटक्याने ओढल्यावर पट्टा अडकत नसेल, तर पट्टे नवे टाका. आणि टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१८ असेल, तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. जीप महिन्यातून दोनदाच निघत असल्यामुळे त्याची नक्षी नव्यासारखी दिसेल, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर ते धरत नाही. पावसाळ्याआधी असे टायर उतरवा.