पडद्यावरची लग्ने

मराठी मालिकेत लग्न लागते ते आठवडाभर लागते. एक दिवस हळदीचा, एक मेंदीचा, एक 'संगीता'चा (हे संगीत आपल्याकडे कधी आले ते विचारू नये), आणि मंगलाष्टके ऐन रंगात आली की मांडवाच्या दारातून कोणीतरी "थांबा!" म्हणून ओरडते. हातातल्या अक्षता मग आपण सोमवारी टाकायच्या. आमच्या सासूबाईंना याचा कंटाळा म्हणून येत नाही. मामंजी गेल्यापासून खऱ्या लग्नात त्यांच्या वाट्याला मागची खुर्ची येते. "इथे तरी पुढे बसून बघते," असे त्या म्हणतात. यावर काय बोलणार? म्हणून मालिकांची टिंगल मी घरात करीत नाही. ती इथे थोडीशी करणार आहे.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. तुळशीची लग्ने आटोपली की तृतीय वर्षाच्या हजेरीपटात मुलींच्या नावांपुढे गैरहजेरी वाढू लागते. चौकशी केली की मागच्या बाकावरून उत्तर येते, "मॅडम, तिचे जमले." पडद्यावरची लग्ने मी पाहते ती या हजेरीपटामुळे.

आधी मालिका घेऊ. 'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षे चालली. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. हिंदीतली 'अनुपमा' ही तिचीच दुसरी बहीण. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पहिल्या वर्षात तरी फार खरी होती. पदराला हात पुसत सगळ्यांचे डबे भरणारी, आणि स्वतःचे जेवण उभ्याउभ्या उरकणारी ही बाई कोणाच्या घरात नाही? नवऱ्याचे दुसरीकडे सूत आहे हे तिला कळते, ती घटस्फोट घेते, गाऊ लागते. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रोजची मालिका संपणे कोणाच्याच सोयीचे नसते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पात्रांची नशिबे त्यांवर ठरतात. तेव्हा अरुंधतीचे पुन्हा लग्न झाले, आणि तो दुसरा भला नवराही लेखकांनी अपघातात मारला. बाईने एक प्रश्न सोडवला की मालिका तिच्यापुढे दुसरा टाकते. जात्यात दाणे संपू द्यायचे नाहीत, एवढेच धोरण.

तरीही एक नोंदवले पाहिजे. अरुंधती नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चांगले केले." आमच्या भावकीतल्या कोणत्याही बाईबद्दल हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. माझ्या वीस वर्षांच्या व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्या मालिकेने साधले.

मालिकांतल्या खेड्यातल्या भाषेबद्दल मात्र मला क्षमा नाही. 'ण'चा 'न' केला, शेवटी 'बगा' जोडले, की झाली ग्रामीण बोली! मग गाव साताऱ्याकडचे असो की जळगावकडचे. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने २०१६ साली करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ऐकवली, आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतला. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, आणि पुढचे सारे मुके. त्यावरून निघालेला हिंदी 'धडक' २०१८ साली आला. तो मी पाहिला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्सचे मोठे पारितोषिक मिळाले. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि सुतकातसुद्धा नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई! त्याचे मन बालमित्रावर आहे, हे त्यांना कोण सांगणार? आईला मात्र तो कसा आहे ते ठाऊक आहे. पार्श्वसंगीत नावालाही नाही, आणि त्याची उणीव मला एकदाही भासली नाही.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो जयंत सोमलकर यांचा 'स्थळ'. टोरांटोच्या महोत्सवात तो २०२३ सालीच गाजला होता. आपल्याकडे मार्च २०२५मध्ये लागला. चंद्रपूरकडचे कापूसवाले गाव. सविता (नंदिनी चिकटे) पदवीच्या वर्गात शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. आरंभी बायका मिळून एका मुलाला पाटावर बसवून प्रश्न विचारतात, आणि मग कळते की हे तिचे स्वप्न. पुढे जागेपणी पाटावर ती. पाहुणे येतात, पाय धुतात, पोहे खातात, आणि तेच विचारतात: नाव काय, शिक्षण किती, उंची किती? कॉलेजात तिला स्त्री-सक्षमीकरणाचे धडे शिकवले जातात. ते ऐकताना माझ्या व्यवसायातली मी, खुर्चीत जरा सावरून बसले.

माझ्याबरोबर चार विद्यार्थिनी होत्या. पहिल्या पाहुण्यांना त्या खूप हसल्या. दुसऱ्यांना थोड्या. तिसऱ्यांना कोणीच हसले नाही. बापाच्या कापसाला भाव नाही, आणि हुंड्याशिवाय स्थळ नाही, अशी ती गाठ आहे. परतताना एसटीत त्यांपैकी एकीने विचारले, "मॅडम, भाव आला असता तर तिचे जमले असते. मग तिची परीक्षा?" मी म्हटले, "तेव्हाही राहिलीच असती." ती म्हणाली, "म्हणजे कापूस पडला हेच बरे झाले की."

दोन महिन्यांनी तिलाही पाहुणे येऊन गेले. उंची विचारली. तिने सांगितली, आणि मग मुलाला त्याची विचारली.