आतड्यातील निंदण

केळापूर तालुक्यात कपाशीतले तण बी धरण्याआधीच निंदतात. मोठ्या आतड्यातील पॉलिपचेही तसेच आहे. अस्तरावरील ही गाठ सहसा दुखत नाही. यांतील ‘ॲडिनोमा’ प्रकारच्या काही गाठींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. पण त्याला बहुधा १० वर्षे वा अधिक लागतात. हाच अवधी आपल्या हाती असतो. गुदद्वारातून दुर्बीण घालून तारेच्या फासाने गाठ काढता येते. १९९३ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले, की त्यामुळे कर्करोगाचे प्रमाण बरेच घटते. १ सेंटिमीटर वा मोठा ॲडिनोमा काढल्यास साधारण ३ वर्षांनी पुन्हा तपासणी करतात. आपल्या सरकारी कर्करोग तपासणीचा भर तोंड, स्तन व गर्भाशयमुखावर आहे; आतड्यावर नाही. म्हणून शौचातून रक्त गेल्यास ‘मूळव्याधच असेल’ असे न मानता डॉक्टरांना दाखवावे, हे आपण पालकसभेत अवश्य सांगू या.